तीन गुंठे

नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्याच्या एका टोकाला, मुळा धरणाचा उजवा कालवा चाऱ्या फुटत फुटत जिथे अगदी बारीक होतो, तिथे एक लहानसं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला येऊन राहिली आणि पुढे या मुलखातल्या खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतलीच ही एक. दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं उपासना मंदिर. पुढे कडुनिंब, आणि निंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. रविवारी सकाळी त्यावर टोले पडले की वस्तीतल्या बायका पदर सारखे करीत बाहेर पडत.

या मंडळीत यशवंत आणि शांतवन हे दोघे सख्खे भाऊ. वडिलांनी आपल्या हयातीतच वाटणी केली होती. साडेचार एकर रान, दोघांना सव्वादोन-सव्वादोन. मधोमध चारशे फूट लांबीचा बांध घातला आणि त्याच पावसाळ्यात बांधावर बोरीचं एक रोप लावलं. म्हातारा म्हणाला, “रानं दोन झाली. बोरं मात्र दोघांची.”

म्हातारा गेला. यशवंत मंडळीचा पंच झाला. उपासनेला पहिला हजर तो, वर्गणी पहिली त्याची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं त्याला तोंडपाठ होती आणि पेटीवर त्याचा हात चांगला चाले. तो प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरं डुलक्या घ्यायची, इतकी त्याची प्रार्थना लांबायची. पण तो ढोंगी नव्हता. देवावर त्याचं खरंच प्रेम होतं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण ढोंग्याची गोष्ट ऐकून आपण हसतो आणि आपल्या घरी जातो.

दर उन्हाळ्यात नांगरटीला ट्रॅक्टर यायचा. बांधाशी आला की ड्रायव्हर विचारायचा, “दादा, कुठवर घेऊ?”

यशवंत म्हणायचा, “बांधाला धरून घे.”

बांधाला धरून म्हणता म्हणता नांगराचं एक तास बांधात शिरायचं. पलीकडे माती ढासळायची, अलीकडे रान वाढायचं. वर्षाला फूटभर. डोळ्याला ते दिसत नसे. पेरणी झाली, पीक वर आलं की सगळं हिरवंच. असं आठ वर्षं चाललं. चारशे फूट लांब आणि आठ फूट रुंद, म्हणजे बत्तीसशे चौरस फूट. एका गुंठ्यात एक हजार एकोणनव्वद चौरस फूट धरले, तर तीन गुंठ्यांना थोडं कमी.

तिसऱ्या वर्षी शांतवनाने टोकलं होतं. “दादा, बांध कोरतोयस तू.”

“पावसाने ढासळला असेल,” यशवंत म्हणाला होता.

“पाऊस माझ्याच अंगाला पडतो वाटतं.”

शब्दाला शब्द वाढला. शांतवन कोर्टात गेला नाही. मोजणीची फी, तालुक्याच्या खेपा, आणि शेवटी समोर कोण तर पाठचा नव्हे, थोरला भाऊ. पण त्या दिवसापासून त्याने दोन गोष्टी सोडल्या : भावाशी बोलणं आणि मंदिराची पायरी चढणं. पुढच्या बाकावर उभं राहून जो प्रार्थना करतो त्याने आपलं रान खाल्लंय, हे गिळून मागे बसणं त्याला जमेना.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या पुस्तकात, शेजाऱ्याची हद्द सरकवू नये अशी सरळ आज्ञा आहे. सरकवणाऱ्याला शापही सांगितला आहे. यशवंताने तो अध्याय उपासनेत मोठ्याने वाचलेला होता. वाचताना त्याचा आवाज जराही हलला नव्हता. ती आज्ञा इस्राएलाच्या रानांबद्दल आहे असंच तो धरून चालला होता.

पुढे गावावरून जाणारा रस्ता रुंद झाला, डांबरी झाला. यशवंताच्या रानाची एक कड रस्त्याला लागली आणि त्याच्या मनात एक मोठा विचार आला. रस्त्याकडेचे दहा गुंठे मंडळीला द्यायचे. तिथे सिमेंटचं नवं मंदिर उभं राहील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, दाराशी कोनशिला बसेल. कोनशिलेवर काय लिहिलेलं असेल ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण मनाशी दोन-तीनदा लिहून पाहिलं.

मात्र देवाला विचारल्याशिवाय करायचं नाही, असं त्याने ठरवलं. दर शुक्रवारी तो उपास करू लागला. “प्रभू, तुझी इच्छा काय आहे ती मला कळव. रस्त्याकडची जागा देऊ की विहिरीकडची?” एका पहाटे त्याने डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. बोटाखाली इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ आली. कुणाचा मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण. यशवंत म्हणाला, “हे काही उत्तर नव्हे.” त्याने पुन्हा पान उघडलं. पुन्हा नावं. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम थोडं पुढे उघडलं, तेव्हा शलमोनाच्या मंदिराचं वर्णन लागलं. यशवंताचे डोळे भरून आले. “प्रभूने उत्तर दिलं,” तो बायकोला म्हणाला.

रूथबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “पहिल्या दोन वेळेलाही त्यानेच दिलं असेल की.”

मंडळीत त्याच वर्षी नवे पाळक बदलून आले होते. चाळिशीचे, कमी बोलणारे. यशवंताने त्यांना जागा दाखवायला नेलं. दहा गुंठ्यांचे चार कोपरे चालून दाखवले. पाळकसाहेबांनी जागा पाहिली, रस्ता पाहिला, म्हणाले, “जागा चांगली आहे. मंडळीच्या नावावर करायची तर आधी मोजणी करून घेऊ. भूमी अभिलेखला अर्ज टाकायचा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातील, भूकरमापक येऊन हद्दी कायम करून देईल. मग बक्षीसपत्र.”

लगतचा खातेदार म्हणजे शांतवन. यशवंताचा चेहरा उतरला.

“मोजणी कशाला, साहेब? सातबारा स्वच्छ आहे. देवाला द्यायला टेप लागतो होय?”

“देवाला नाही लागत,” पाळकसाहेब म्हणाले. “आपल्याला लागतो.”

बोलत बोलत ते रानाच्या कडेने परत निघाले. ऊन चढलं होतं. बोरीचं झाड दिसलं तसे पाळकसाहेब सावलीला थांबले. झाड चांगलं पसरलं होतं. त्याच्या बुंध्याला चारी बाजूंनी यशवंताची बाजरी लागली होती. बांध तिथून चांगला सात-आठ फूट पलीकडे होता.

“झाड जुनं दिसतंय. कुणी लावलं?”

“वडिलांनी,” यशवंत अभिमानाने म्हणाला. “वाटणी झाली त्या साली. त्यांनी स्वतः खड्डा घेतला, बांधा—”

तो थांबला. वाक्य अर्धंच राहिलं. पाळकसाहेबांनी एकवार झाडाकडे पाहिलं, एकवार बांधाकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, “चला. तुम्हाला जेवायला उशीर होईल.” त्या दिवशी त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. पण झाडं चालत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या रात्री यशवंताला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आवर्तनाचं पाणी आलं, त्याची पाळी रात्रीची होती. कंदील घेऊन तो दारं धरायला गेला. एका वाफ्याचं दार मोडावं, दुसऱ्याचं लावावं, आणि मधल्या वेळात बांधावर बसून देवाशी बोलावं. तो म्हणाला, “प्रभू, दहा नाही, पंधरा गुंठे देतो.” वाफा भरला. दुसरं दार मोडून तो परत बसला. “पंधरा गुंठे देतो, आणि मंदिराला पितळेची घंटाही देतो. रूळ बडवायला नको.” पाणी पुढे सरकत होतं. पहाटेपर्यंत त्याचं दान वीस गुंठ्यांवर आणि फरशीवर गेलं. वरून होकार येईना, नकारही येईना.

सकाळी पाय धुता धुता त्याने हे सगळं रूथबाईला सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “अहो, वीस गुंठे द्यायला निघालात. मग तीन गुंठ्यांचं एवढं काय जड झालंय?”

“ते वेगळं आहे.”

“वेगळं आहेच. वीस गुंठे दिले की लोक म्हणतील, यशवंतदादाने दिले. तीन गुंठे दिले की म्हणतील, यशवंतदादाने घेतले होते.” तिने तांब्या खाली ठेवला. “देणाऱ्याचा हात वर असतो. परत करणाऱ्याचा खाली असतो. तुम्हाला हात खाली करायचा नाही, एवढंच आहे.”

यशवंत चिडला. न जेवता तो तडक पाळकसाहेबांकडे गेला. ओट्यावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, “साहेब, देवाची इच्छा ओळखायची कशी?”

“कुठल्या बाबतीत?”

“दानाच्या.”

पाळकसाहेब म्हणाले, “शौल राजाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. अमालेक्यांच्या लढाईत काहीही राखून ठेवू नकोस, असं देवाने त्याला सांगितलं होतं. त्याने चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली. शमुवेल आला तेव्हा शौल काय म्हणाला? देवाला अर्पण करायला ठेवली आहेत. खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याने अर्पणही केली असती. पण देवाने मेंढरं मागितलीच नव्हती, त्याने ऐकणं मागितलं होतं. शौलाचं राज्य कंजूसपणाने गेलं नाही, दादा. न मागितलेलं देण्याच्या हौसेने गेलं.”

यशवंत खाली बघत राहिला. “एखाद्याला वाटलं, एका बाबतीत चूक झाली, तिच्या बदल्यात दुसऱ्या बाबतीत दुप्पट द्यावं, तर देव मान्य नाही करणार?”

“गेथशेमाने बागेत प्रभूने काय केलं ते आठवा. पुढ्यातला दुःखाचा पेला टळावा असं त्याने मागितलं. घाम गाळून मागितलं. त्यात पाप नाही, तुम्हीही मागा. पण पेल्याच्या बदल्यात त्याने दुसरं काही देऊ केलं नाही. आणखी चाळीस दिवस उपास करतो, आणखी हजार आजारी बरे करतो, पण एवढं राहू दे, असं तो म्हणाला नाही. पित्याची इच्छा होऊ दे म्हणाला आणि उठून चालू लागला.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पाळकसाहेब म्हणाले, “प्रभूची प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो. देवाची इच्छा स्वर्गात होते तशी पृथ्वीवर व्हावी, असं त्यात मागतो. सगळी पृथ्वी आपल्या हातात नाही. तुमच्या वाट्याची पृथ्वी सव्वादोन एकर आहे. तेवढ्यात तर होऊ द्या.”

हे सगळं ऐकूनही यशवंताने लगेच काही केलं नाही. बघू म्हणाला. पाऊस संपू दे, म्हणाला. बाजरी निघू दे, म्हणाला. बाजरी निघाली, मळणी झाली, आणि सुगीचा सण येऊन ठेपला.

सुगीच्या सणाला मंडळीतला प्रत्येक जण आपल्या पिकातलं काहीतरी देवापुढे आणतो. वेदीपुढे बाजरीची पोती, तुरीच्या शेंगा, भोपळे, कपाशीची बोंडं, पाय बांधलेली कोंबडी, टोपलीत अंडी अशी रास पडते. उपासना झाल्यावर त्याचा लिलाव होतो. पाच रुपयांचा भोपळा पन्नासाला जातो आणि सगळे हसतात. त्या वर्षीही मंदिर भरलं होतं. पेटी वाजत होती. एकेक जण पुढे येऊन आपलं अर्पण ठेवत होता.

यशवंताची पाळी आली. बाजरीचं पोतं खांद्यावर घेऊन तो पुढे गेला. वेदीपाशी वाकून त्याने पोतं खाली ठेवलं, आणि पोत्यातली बाजरी कुठल्या पट्ट्यातली आहे हे त्याला एकदम उमगलं. बोरीच्या झाडाभोवतीची होती ती. मळणीच्या दिवशी त्याच बाजूची रास शेवटी भरली होती. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी जाऊन भावाशी समेट करावा, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. यशवंताला ती ओळ पाठ होती, अध्याय पाठ होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ती अंगावर आली. त्यात कुठलंही कोडं नव्हतं. पान उघडून बोट ठेवायची गरज नव्हती. कुठे ठेवायचं, कुठे जायचं, आधी काय, मग काय, सगळं सांगून ठेवलेलं होतं.

तो उठला. पोतं तिथेच राहिलं. बाकांमधून चालत तो दाराकडे निघाला. पेटी वाजवणाऱ्या पोराचे हात थांबले. कुणीतरी कुजबुजलं, “पंचांना बरं वाटत नाही काय?” रूथबाईने मान वर केली नाही. यशवंताने दाराबाहेर चपला घातल्या आणि तो शांतवनाच्या वस्तीकडे चालू लागला.

वाटेत त्याने काय बोलायचं ते जुळवलं. आपण म्हणू, मी चुकलो. तो म्हणेल, दादा. मग दोघांच्या डोळ्यांना पाणी येईल. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत येतो, तसा शांतवन काही धावत येणार नाही, पण उठून उभा तरी राहील.

शांतवन मोटारीचा स्टार्टर खोलून बसला होता. त्याने भावाला येताना पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. यशवंत उभा राहिला. जुळवलेलं सगळं विसरला. एवढंच म्हणाला, “शांतवन, बांध मीच कोरला. आठ फूट. उद्यापासून जुन्या जागी घालतो.”

शांतवनाने पाना खाली ठेवला. “आज सण आहे ना मंदिरात? लोकांना सांगून आलास का तिकडं, बघा मी किती मोठा आहे म्हणून?”

“कुणाला सांगितलं नाही.”

“बरं. जमीन देतोयस. आठ वर्षांचं पीक कोण देणार?”

याचा विचार यशवंताने केलाच नव्हता. त्याचं डोकं तापलं. पंच असून, सण सोडून, पायी चालत आलो, आणि हा हिशेब मागतो! काही न बोलता तो वळला आणि परत निघाला. बोरीच्या झाडापाशी आल्यावर त्याचे पाय मंदावले. शांतवनाने चुकीचं काय मागितलं? जक्कयाने प्रभूचं आपल्या घरी स्वागत केलं तेव्हा ज्याला ज्याला लुबाडलं होतं त्याला चौपट परत देईन असं तो म्हणाला होता. आपल्याकडे तर चौपट कुणी मागितलेलं नाही. जेवढ्यास तेवढं मागितलंय. आपण देवाचं ऐकायला गेलो होतो की भावाकडून शाबासकी घ्यायला? शाबासकी मिळाली नाही म्हणून ऐकणं सोडून देणार असू, तर ते देवाचं ऐकणं नव्हतंच.

तो घरी आला आणि कागद घेऊन बसला. तीन गुंठ्यांत वर्षाला साठ किलो बाजरी धरली, तर आठ वर्षांची चारशे ऐंशी किलो. त्याने पुरी पाच पोती बैलगाडीत घातली आणि संध्याकाळी शांतवनाच्या ओट्यावर नेऊन उतरवली. शांतवन घरात होता. बाहेर आला नाही. यशवंत हाक न मारता परतला.

दुसऱ्या दिवशी फटफटताच यशवंत फावडं घेऊन रानात गेला. ट्रॅक्टर लावला असता तर दोन तासांत काम झालं असतं. पण जे काम नांगराच्या एकेका तासाने बिघडवलं होतं ते त्याला हाताने नीट करायचं होतं. बोरीच्या बुंध्याला दोरी बांधून त्याने दुसरं टोक वरच्या हद्दीच्या दगडापर्यंत ताणलं आणि दोरीच्या रेषेत माती ओढायला सुरुवात केली. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. रस्त्याने जाणारे मात्र थांबून पाहत. एकाने विचारलंही, “काय पंच, बांध हलवताय?” यशवंत म्हणाला, “हलवला होता. परत ठेवतोय.” हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना त्याच्या घशाला कोरड पडली. चौथ्या माणसाला सांगेपर्यंत ते साधं वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रानात पोचला तर बांधावर दोन पोती ठेवलेली होती आणि शेजारी शांतवन बसला होता.

“ही परत ने,” शांतवन म्हणाला.

यशवंताच्या पोटात धस्स झालं. “का? घेणार नाहीस?”

“तीन घेतली. तुझा हिशेब चुकलाय. पहिल्या वर्षी फूटभरच कोरला होतास. दुसऱ्या वर्षी दोन फूट. दर सालाला तीन गुंठे कसे धरलेस? मी रात्री मांडून पाहिलं. पावणेतीन पोती होतात. तीन ठेवली. पाव पोतं तुझं माझ्याकडे निघतं, ते पेरणीला देतो.”

यशवंत भावाकडे पाहत राहिला. आठ वर्षं ज्याचं रान खाल्लं तो माणूस आपल्याकडून जास्त आलेली बाजरी मोजून परत करत होता. मंदिराची पायरी त्याने सोडली होती, पण शास्त्रातला खरा तराजू त्याने घरात जपून ठेवला होता.

“पाव पोतं राहू दे,” यशवंत म्हणाला.

“राहू का दे? हिशेब म्हणजे हिशेब.” शांतवन उठला, त्याने दोरीच्या रेषेवर एक डोळा मिटून नजर टाकली. “मधे वाकलाय बघ. आण इकडं ते फावडं.”

त्या दिवशी दोघांनी मिळून दुपारपर्यंत बांध पुरा केला. गळ्यात गळा घालणं वगैरे काही झालं नाही. बोलणंही फार झालं नाही. पाण्याच्या पाळ्या कशा लावून घ्यायच्या, खताचा भाव काय, एवढंच.

पुढच्या रविवारी यशवंत पाळकसाहेबांकडे गेला. वेदीपाशी ठेवलेलं त्याचं पोतं लिलावातून बाजूला काढून त्यांनी कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं. त्याने ते आता अर्पण केलं. मग विचारलं, “साहेब, त्या दहा गुंठ्यांचं काय करू? मोजणीला आता माझी हरकत नाही.”

“देवाने दहा गुंठे मागितले आहेत का, ते आता निवांत विचारा,” पाळकसाहेब म्हणाले. “आता ऐकू येईल.”

यशवंताने विचारलं. बोट ठेवून नव्हे, मंडळीत डोळे उघडे ठेवून. वस्तीतली घरं होती पंचवीसच्या आत. मंदिर सगळ्यांना पुरत होतं. पावसाळ्यात मात्र मागच्या बाकांवर पाणी गळायचं आणि म्हाताऱ्या बायका पदराने डोकं झाकून बसायच्या. इतकी वर्षं पुढच्या बाकावर बसणाऱ्या पंचाला ते दिसलं नव्हतं. त्याने तालुक्याहून बारा पत्रे आणले आणि शांतवनाला छपरावर चढवलं, कारण उंचावर चढायला यशवंताला भीती वाटायची. कोनशिला लागली नाही. पत्र्याला कोनशिला लावायची कुठे?

शांतवन छपरावरून उतरला तो हळूहळू उपासनेलाही येऊ लागला. मागच्या बाकावर बसायचा.

आता कुणी विचारील, यशवंताने देवाचं ऐकलं, मग देवाने त्याला काय दिलं? त्या वर्षी कालव्याचं आवर्तन लांबलं, टेलच्या गावांना पाणी पुरलं नाही आणि त्याचा गहू निम्म्यावर आला. शांतवनाचाही आला. तीन गुंठे कमी झाले होते, तीन पोती बाजरी गेली होती आणि गावात चार लोक त्याला अजूनही ‘बांधवाले पंच’ म्हणत होते. हिशेब मांडला तर तो तोट्यातच होता. फक्त एक झालं. रविवारी प्रार्थनेला उभा राहिला की त्याची प्रार्थना आता लवकर संपायची. देवाला पटवून द्यायचं असं फारसं काही त्याच्याकडे उरलं नव्हतं.

तात्पर्य : देवाची इच्छा कळत नाही म्हणून माणूस अडतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा ती कळलेली असते आणि आपण तिच्याऐवजी दुसरं काही चालेल का हे विचारत असतो. न मागितलेलं मोठं दान मागितलेल्या लहान गोष्टीची भरपाई करत नाही. जे स्पष्ट सांगितलं आहे ते आधी करावं, नुकसान सोसून करावं, आणि कुणी शाबासकी दिली नाही तरी करावं. पुढचं काय, ते त्यानंतर विचारावं.